पाव फेरा

शुद्धीवर आलो तेव्हा
चादरीखाली पाय नव्हता, जॉब होता.
चार रिंगा, सहा एमएमचे रॉड,
आणि मांसातनं आरपार गेलेल्या तारा,
सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या.
सीपीआरच्या त्या वॉर्डात
दुखायला लागायच्या आधी
मी आटे मोजले.
पिच एक.
उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला
दुसरं काय सुचणार?

शिरोलीच्या पुलाअलीकडं उसाची ट्रॉली उभी होती,
मागं दिवा नाही, लाल फडकं नाही.
त्याचं जास्त सांगत नाही.
नडगीचं चार सेंटिमीटर हाड
रस्त्यावरच राहिलं.

डॉक्टर हेरवाडे म्हणाले,
वरच्या अंगाला हाड मुद्दाम कापलंय,
तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली आणायचा.
एका दमात नाही. दिवसातनं चारदा, पाव पाव फेरा.
मागं जी फट पडेल तिच्यात नवं हाड धरेल.
मी म्हणालो, फीड लई कमी ठेवलाय, साहेब.
ते हसले नाहीत.
घाई केली तर फट रिकामीच राहते, म्हणाले,
आणि रेंगाळलात तर
नको तिथं जुळून बसतं.

दहा नंबरचा पाना घरात होताच.
पण मागच्या रॉडचे नट मला दिसत नाहीत,
हात पोचत नाही.
ते शालनच्या वाट्याला आले.
जिला जन्मभर सांगत आलो,
माझ्या हत्यारांना हात लावू नको, हरवतीस.
तिनं प्रत्येक नटाच्या एका कडेला
नेलपेंटचा ठिपका दिला. गुलाबी.
थोरलीच्या लग्नातली बाटली, तळाशी घट्ट झालेली.

सकाळी सहाला ठिपका भिंतीकडं.
दुपारी छताकडं.
संध्याकाळी दाराकडं.
रात्री बाराला गादीकडं.
घरातलं घड्याळ बंद पडलं तरी
यादवनगरच्या त्या खोलीत
किती वाजले ते माझ्या पायाला विचारावं.

तारा जिथं आत शिरतात तिथं रोज गॉज.
लाली आहे का, ओल आहे का,
ती वाकून वास घेते,
दूध नासलंय का बघावं तशी.
पायजम्याची एक बाजू उसवून
तिथं तिनं नाड्या लावल्यात, सात.
गल्लीतली पोरं दारात उभी राहून रिंगा मोजतात,
एकाचं म्हणणं पाच आहेत.

दिलावर मुल्लाणी येऊन गेला.
खुर्ची ओढून आधी पायच न्याहाळला,
म्हणाला, सेंटर बरोबर धरलंय गड्यानं.
मग बराच वेळ चहाच ढवळत बसला.
माझ्या मशीनवर आयटीआयचा पोरगा घेतलाय.
बर साफ करत नाही म्हणे.
मी म्हणालो, करेल.

एका रात्री शालननं नट उलटा फिरवला.
मला लगेच कळलं,
पोटरीतला ताण सैल झाला, आणि
देवाशपथ सांगतो, बरं वाटलं.
म्हणून गप्प बसलो.
तिनंच ठिपका बघितला.
दारावरनं हा परत छताला कसा गेला?
टाका उसवावा तसा तिनं तो माघारी आणला,
मग पुढचा पाव.
मी ओरडलो. तिनं पाना पुसून ठेवला.

चाळीस दिवस. एकशे साठ पाव.
एक्स-रे दिव्यावर धरला तर
फटीत धुकं दिसत होतं,
पन्हाळ्यावर पहाटे असतं तसलं,
आरपार बघता येईल न येईल.
हेच, डॉक्टर म्हणाले.
आता फिरवायचं बंद.
रिंगा अजून पाच-सहा महिने राहतील.
त्याला घट्ट व्हायला वेळ द्या.

तेव्हापासनं ठिपके गादीकडंच आहेत.
पाना मी पेटीत टाकायला सांगितला,
तिनं टाकला नाही.
रात्री बाराला ती अजून उठते.
फौंड्रीकडनं तापलेल्या वाळूचा वास येत असतो.
ती कॉटच्या कडेला बसते,
नटावर बोट ठेवते,
फिरवत नाही.

मी जागा आहे हे तिला माहीत असतं.